देवदूताचे पंख

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. कुवेतमध्ये सालमिया भागाला जाणाऱ्या बसमध्ये शर्वरी आईशेजारी पुठ्ठ्याचे पंख आणि नाटकाचं कार्ड घेऊन बसली आहे; कार्डावर गुडघ्यावर बसलेला देवदूत आहे. आज शाळेच्या नाटकात ती देवदूत आहे. समोर मालवणचे सुतार पुंडलिक मेस्त्री बसलेत.

"काका, तालमीत गुडघ्यावर बसलं की पंख पडतात. सगळे हसतात."

"खय बांधतंस गो?"

"कमरेला."

"तुझ्या कार्डावर जुना इटलीचा चित्र आसा मा? त्या देवदूताचे पंख खयसून निघतत?"

"खांद्यांतून!"

"मगे? दाराचो भार वरच्या बिजागरीर आसता."

"पण बाईंनी कमरेला सांगितलंय."

"बाईंका सांग, मेस्त्रीन बदलल्यान."

मेस्त्रींनी हत्यारांच्या पिशवीतली सुतळी काढून पंख खांद्यांना बांधले.

"शर्वरी, खाली नको, फ्रॉक मळेल!" आई म्हणाली.

पण शर्वरी चित्रातल्यासारखी मेस्त्रींसमोर गुडघ्यावर बसली, पंख जागचे हलले नाहीत, आणि ती नाटकातलं देवदूताचं वाक्य म्हणाली, "भिऊ नका, चांगली बातमी आहे."