डीजेचं नाव

तुम्हाला त्या रेडिओवरच्या डीजेचं सांगितलं नाही ना? माझी नात गाडीत त्याचा अल्बम लावते. अमेरिकन हिपहॉपची गाजलेली गाणी, सगळी दुसऱ्यांची. पण प्रत्येक गाण्याच्या मधोमध हा स्वतःचं नाव ओरडतो.

मी विचारलं, "हा गातो का?"

"नो, आजोबा."

"लिहितो? वाजवतो?"

"नो! पण सगळ्यांना टुगेदर आणलं ना त्याने."

"म्हणून कव्हरवर सर्वांत मोठं नाव याचं?"

"ऑफ कोर्स. इट्स हिज अल्बम!"

त्याच आठवड्यात बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका आली. इथे नवीन असताना बुसैतीनच्या एका खोलीत आम्ही सहा जणांनी काढलेल्या दिवसांवर मी लेख दिला होता. तो छापला अध्यक्षांच्या नावाने! या गृहस्थाने जुफैरच्या आलिशान फ्लॅटखेरीज बहारीन पाहिलेलं नाही. मी फोनवर जाब विचारला, तर म्हणतात, "कांबळे, चिडता काय? लेख तुमचा असेल, पण सगळ्यांना एकत्र कोणी आणलं?"

माझं डोकंच फिरलं.

प्रकाशनाच्या दिवशी अध्यक्ष गहिवरून वाचू लागले, "आम्ही सहा जण, आणि स्टोव्ह एकच..."

मी उभा राहून ओरडलो, "कांबळे!"

अध्यक्ष तसेच दुसऱ्या परिच्छेदात शिरले. मी पुन्हा, "कांबळे!"

"अहो, खलास! पुरे करा आता!" अध्यक्ष माइकवरच ओरडले, आणि रागारागाने तिसरा परिच्छेद सुरू केला.

मी तोंड उघडणार, तोच शेजारून नात माझ्याही वरच्या आवाजात ओरडली, "कांबळे!"