फाइलमध्ये बिघाड नव्हता

मी मूळची इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर, आई कांड्या भरायची, आणि आमच्या गल्लीत कुणी हळू बोलायचंच नाही, कारण दिवसभर मागांची खटखट, हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही, म्हणून मी ही अशी मोठ्यानं बोलते, तुम्हाला वाटेल बाई भांडतेय. म्हणजे आज सांगायचंय ते भांडणाचंच आहे, पण आवाज आधीपासूनच असा आहे. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. बी.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. लोक म्हणतात वैशालीला गर्व आहे. आहेच. का नसावा?

लग्न होऊन ग्लासगोला आले. महेश सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या व्हिसावर मी डिपेंडंट. काय सांगू तुम्हाला, तो शब्दच मला पहिल्या दिवसापासून टोचला. तीन महिने घरात बसले आणि मग सिटी सेंटरच्या एका थिएटरात कामाला लागले, तिकिटं तपासायची, शो सुटला की हॉल झाडायचा. गणपतीला आपली मंडळी जमली की बायका म्हणायच्या, अगं, तू थिएटरात झाडू मारतेस? मी म्हणायचे, हो मारते, आणि चांगला मारते, तुमच्या हॉलसारखा कोपऱ्यात कचरा नाही ठेवत. तर एकदा तिथलं प्रोजेक्टरचं मशीन सारखं बंद पडत होतं, आणि आमचा म्हातारा ऑपरेटर डंकन त्याच्यासमोर डोकं धरून बसला होता, मी झाडू हातात घेऊनच म्हटलं, पंखा फिरत नाहीये, गरम होऊन बंद पडतंय. त्यानं बघितलं तर खरंच. म्हणाला, हेन, हे तू कुठं शिकलीस? इथे बाईला लाडानं हेन म्हणतात, म्हणजे कोंबडी, पहिल्यांदा मला रागच आला होता. मी म्हटलं, कोल्हापूरला शिकले, तीन वर्षं, फर्स्ट क्लास. त्यानंतर त्यानं मला झाडू धरू दिला नाही. दोन वर्षांत सगळं शिकवलं आणि रिटायर झाला, आणि त्या खोलीत मी बसायला लागले.

आता पद्धत सांगते, ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही. दर फेब्रुवारीत आमच्याकडे एक फिल्म फेस्टिव्हल असायचा. नाव घेत नाही. त्यात शोच्या आधी टेक चेक असतो. म्हणजे सकाळी हॉल रिकामा असताना दिग्दर्शक येतो, आपण त्याच्या सिनेमाची पाच-दहा मिनिटं लावायची, तो मधल्या रांगेत बसून सांगतो, आवाज जरा वर घ्या, हा सीन मुद्दाम फिका आहे, तसाच असू द्या, आणि आपण ते सगळं एका कागदावर लिहून मशीनला चिकटवायचं. डंकन म्हणायचा, सिनेमा तुझा नाही, तू फक्त दाखवणारी, म्हणून ज्याचा आहे त्याला आधी विचार. किती साधी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी फेस्टिव्हलची टेक चेकची यादी माझ्या हातात आली. स्पर्धेतले सगळे त्यात. एका फ्रेंच माणसाला तर पाऊण तास दिलेला, त्याचा सिनेमा मी आधी बघितला होता, एक माणूस खिडकीत उभा राहतो, संपला सिनेमा. पण शनिवारी दुपारी एक कार्यक्रम होता, आफ्रिका आफ्टरनून, चार बायकांचे चार सिनेमे, अर्ध्या-पाऊण तासाचे, नायजेरिया, सेनेगल, इथिओपिया, केनिया, आणि त्यातला एकही यादीत नाही. उद्या कुणी कोल्हापूर, कोहिमा, कोलंबो आणि काबूलचे सिनेमे एका दुपारी लावले आणि वर पाटी लावली की ही आशियाची दुपार, तर तुम्ही काय म्हणाल? त्या चार बायकांची भाषा एक नाही, देश एक नाही, एकमेकींना त्या आयुष्यात कधी भेटलेल्या नव्हत्या, आणि चौघींची मिळून गाठोडं बांधल्यासारखी एक दुपार.

मी हेलनकडे गेले. हेलन म्हणजे सिनेमे निवडणारी, लंडनची, स्वभावानं वाईट नाही, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, या चौघींचं टेक चेक कधी? ती म्हणाली, डिअर, वेळच नाहीये, आणि त्या फार गोड बायका आहेत, त्या काही तक्रार करणार नाहीत. आणि मी काय केलं? मी बरं म्हणाले. एवढी मोठ्यानं बोलणारी बाई, तिथे बरं म्हणाले आणि खोलीत जाऊन चहा प्याले. ते माझ्या खात्यात आहे, ते मी कुणावर ढकलत नाही.

शनिवार आला. पहिला नायजेरियाचा, घरमालकीण आणि भाडेकरणीची भांडणं, लोक हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. मग सेनेगलचा, होड्या रंगवणाऱ्या बाईचा, काय रंग होते हो, मी माझ्या खोलीच्या काचेला नाक लावून बघत होते. मग इथिओपियाचा. शेवटी केनियाच्या वांजिरूचा. सिनेमाच्या नावाचा अर्थ आपल्या भाषेत सुईण. नाव आलं आणि पडदा काळा. आवाज चालू. बायकांचं बोलणं, पाणी ओतल्याचा आवाज, कुणीतरी कण्हतंय. मी मशीनकडे बघितलं, आवाजाचे काटे हलतायत, चित्र नाही. अर्धं मिनिट थांबले. एक मिनिट. हॉलमधली डोकी वळून माझ्या काचेकडे बघायला लागली. तेवढ्यात वॉकी-टॉकीवर हेलन, वैशाली, पिक्चर गेलंय, थांबव, थांबव! आणि माझा हात गेला. बंद केलं, दिवे लावले. पुन्हा पहिल्यापासून लावलं, पुन्हा तेच काळं. कुणीतरी हसलं. मग मी काय शहाणपणा केला, सिनेमा पुढे सरकवला, चित्र दिसायला लागतं तिथपर्यंत, आणि तिथून सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मला वाटलं, वाचवलं मी.

दोन मिनिटांत माझ्या खोलीचं दार वाजलं. बुटकी, डोक्याला पिवळा रुमाल, अंगात कुणाचातरी मागून आणलेला मोठा कोट. म्हणाली, मी वांजिरू. तुम्ही जन्म कापलात.

मला कळेना. तर ती सांगायला लागली, ओरडत नव्हती हो, ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याची सवय आहे. म्हणाली, डोंगरातलं घर आहे, वीज नाही, बाळंतपण चाललंय, आणि आपण बाळाच्या जागी आहोत. बाळाला पहिला उजेड दिसतो तेव्हाच तो लोकांना दिसायचा. चार मिनिटांचा अंधार आहे. त्या चार मिनिटांच्या आवाजांसाठी मी एका खऱ्या सुइणीबरोबर वर्षभर फिरले. मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, मी फेस्टिव्हलला ईमेल केली होती. तीनदा. टेक चेकही मागितला होता. मग तिनं माझ्या मशीनकडे बघितलं, फ्रेंच माणसाच्या कागदांनी भरलेलं, सतरा सूचना त्याच्या, आणि खाली गेली. तिला स्टेजवर बसायचं होतं.

शोनंतर चर्चा. चार खुर्च्या, एक रिकामी, कारण सेनेगलच्या बाईचा व्हिसा आलाच नव्हता, तिच्या खुर्चीवर नावाचा कागद ठेवला होता, आणि सगळ्यांनी त्या कागदाला टाळ्या दिल्या. मग प्रश्न. तुमच्याकडे बाईला सिनेमा करू देतात का? तुम्हाला भीती नाही वाटत? घरमालकिणीवर आत्ता पोट धरून हसलेला माणूस नायजेरियाच्या बाईला विचारतो, एवढ्या दुःखातून तुम्ही कशा उभ्या राहता? ती म्हणाली, सर, माझा सिनेमा विनोदी आहे. कॅमेऱ्याचं कुणी विचारलं नाही. रंगांचं विचारलं नाही. आदल्या दिवशी फ्रेंच माणसाला लेन्सवर पाच प्रश्न आले होते, मी मोजले होते.

आणि मग हेलन माइकवर म्हणाली, वांजिरूच्या सिनेमाच्या सुरुवातीला जो व्यत्यय आला त्याबद्दल सॉरी, केनियाहून आलेल्या फाइलमध्ये बिघाड होता.

माझ्या डोक्यात जी सणक गेली! हे खोलीतल्या स्पीकरवर ऐकलं आणि मी जिना उतरून हॉलमध्ये, कामाच्या काळ्या टी-शर्टवर, सगळ्यांच्या समोर. म्हटलं, एक्सक्यूज मी, फाइलमध्ये बिघाड नव्हता. फाइल उत्तम आहे. तो अंधार या बाईनं केलेला आहे, आणि तो मी कापला, कारण तिला टेक चेक दिला नव्हता आणि मला विचारायचं सुचलं नाही. हेलन हसत म्हणाली, थँक यू वैशाली, हे आपण नंतर बोलू. मी म्हटलं, बिघाड तुम्ही आत्ता सांगितलात, मग हेही आत्ताच. वांजिरू माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नाही.

नंतर हेलननं ऑफिसात बोलावलं. आणि खरी गोष्ट तिथे होती, ती लक्षात घ्या. शो अडला की ऑपरेटरनं रिपोर्ट लिहायचा असतो, काय झालं, कशामुळे, खाली सही. तो रिपोर्ट सिनेमाच्या फाइलबरोबर पुढच्या फेस्टिव्हललाही जातो. त्यात फाइलचा बिघाड असं लिहिलं की तो शिक्का त्या सिनेमाच्या मागे लागला, पुढचा म्हणणार, नको बाबा, तो केनियाचा सिनेमा चालत नाही म्हणे. वांजिरूचा हा पहिला सिनेमा, पुढे तीन ठिकाणी जायचा होता. हेलननं फॉर्म पुढे सरकवला, म्हणाली, फाइल एरर लिही, त्यानं कुणाचंच नुकसान नाही. मी म्हटलं, कुणाचंच म्हणजे तुमचं आणि माझं. ती म्हणाली, वैशाली, तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस, खरं लिहिलंस तर पुढच्या वर्षी थिएटरवाल्यांकडे मी तुझ्यासाठी काही बोलू शकणार नाही. धमकी नव्हती ती, ती खरंच काळजीनं म्हणत होती, त्याचाच मला जास्त राग आला. मी पेन घेतलं आणि लिहिलं, ऑपरेटरची चूक. दिग्दर्शिकेनं टेक चेक मागितला होता, दिला नाही. फाइल निर्दोष. खाली पूर्ण नाव, आणि नावापुढे बी.एस्सी. तिथे डिग्री लिहायची पद्धत नाही. मी लिहिली.

मग म्हटलं, आता पुन्हा दाखवा. म्हणाली, स्लॉट नाही. मी म्हटलं, रविवारी सकाळी दहाला छोटा हॉल रिकामा असतो, मला माहीत आहे, कारण तो मी झाडत होते. तिनं वेळापत्रक ओढलं आणि त्यात वांजिरूचं नाव लिहिलं.

रविवारी नऊला वांजिरू आली. महेशनं थर्मास भरून दिला होता, केनियातही दूध घालून चहा उकळतात आणि त्याला चायच म्हणतात, दोन कप प्याली. मला म्हणाली, थँक यू, दादा. मी दचकले, तर त्यांच्या स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. मग मधल्या रांगेत जाऊन बसली आणि मला काय काय नाचवलं! आवाज वर, नाही, थोडा खाली, दाराच्या वरचा हिरवा एक्झिटचा दिवा झाका. मी म्हटलं, बाई, तो फायर सेफ्टीचा आहे, झाकला तर मला जेल. तेव्हा पहिल्यांदा हसली. दहाला तेवीस माणसं आली. पडदा काळा झाला आणि मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. एकही डोकं माझ्याकडे वळलं नाही. बाळ बाहेर आलं, कंदिलाच्या उजेडात त्या सुइणीचा चेहरा दिसला, आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी स्कॉटिश बाई मोठ्यानं म्हणाली, ओह, थँक गॉड. वांजिरूनं मागे वळून काचेकडे बघितलं.

तिचा सिनेमा तिन्ही ठिकाणी गेला, अंधारासकट. तिचे मेसेज येतात. आता दुसरा करतेय.

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षी आलं नाही. मी दुसऱ्या थिएटरात लागले, छोटं आहे, पगार कमी, चाललंय. त्या फेस्टिव्हलनं आफ्रिका आफ्टरनूनचं नाव बदललं, आता काहीतरी व्हॉइसेस म्हणतात, दुपार तीच, गाठोडं तेच. गेल्या आठवड्यात हेलनचा फोन आला, माणसं कमी पडतायत, दहा दिवस येशील का? मी म्हटलं, येते, सगळ्यांना टेक चेक असेल तर, त्या दुपारच्या प्रत्येकीला. बघते म्हणाली. अजून बघतेय.

नाही बोलावलं तरी माझं काही अडत नाही. पण त्या खोलीत कुणीतरी बसणारच, असेल कुणी नवी मुलगी, घाबरलेली, वॉकी-टॉकी कानाला लावून. देव तिला सुखी ठेवो. आणि शो चालू असताना दार वाजलं, तर तिनं उठून उघडावं, आलेल्या बाईला खुर्ची द्यावी, आणि आधी तिचं ऐकून घ्यावं.