खालच्या भिंगावरचं तूप

हॅलो?… हॅलो, वन्सं का?… मी सुहासिनी. चिंचवडहून बोलतेय… हो, हो, सगळे बरे आहेत. तुमचे भाऊही बरे आहेत… नाही हो, आमच्याकडे कुठला फोन, नंबर लावून चार वर्षं झाली. खालच्या अण्णासाहेबांकडून बोलतेय… ऐकू येतंय ना? मग मी जरा हळू बोलते. त्यांच्या सुभद्राबाई इथंच घेवडा निवडत बसल्यात.

वन्सं, सुरेंद्र भाऊजी निघाले का?… केव्हा?… म्हणजे स्कूटर खडकीच्या पुढं आली असणार… नाही, नाही, येऊ देत की. तुमच्या दिराला मी येऊ नका म्हणेन का? पण ते कॅमेरा न्यायला येतायत ना… तेवढं थांबवता आलं असतं तर बरं झालं असतं.

अहो, ऐका ना… मला ठाऊक आहे यांनीच पत्र लिहिलं. मीच पेटीत टाकलं ते. माझं मन भरलं, सुरेंद्र तरुण आहे, त्याच्या हाताला कॅमेरा शोभेल, असंच लिहिलंय ना?… खोटं आहे ते सगळं. मन भरलेला माणूस वस्तूला असा जपत नाही. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, तर सकाळपासून त्या कातडी केसला पॉलिश चाललंय. पट्टा तेवढा तीनदा पुसून झाला. भाऊजींना लगेच वापरता यावा म्हणून आत नवा रोलसुद्धा भरून ठेवलाय.

… नाही, भांडण नाही झालं… अहो, माझी काही तक्रार नव्हती कधीच. रोलवर खर्च करतात म्हणून मी एक शब्द बोलले असेन तर शपथ… वन्सं, चूक माझी आहे. म्हणून तर फोन केला. तुम्हीच आमच्या लग्नात दिलात तो कॅमेरा, तेव्हा आधी तुम्हालाच सांगते. पुरतं ऐका, मग रागवा.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर काय काय मांडतात तुम्हाला माहितीये. यांची मापाची हत्यारं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, माझं शिवणयंत्र, अडकित्ता, विळी. यंदा मला वाटलं, कॅमेऱ्यानं काय पाप केलंय? तोही हत्यारच की. मग मांडला… हो, मीच. हे आंघोळीला गेले होते. निरांजनाला तूप घातलेला हात, त्याच बोटानं हळद-कुंकू लावलं… भिंगाला नाही हो, मला तेवढं कळतं. दोन भिंगं ना त्याला, वरचं आणि खालचं, त्यांच्या मधल्या पट्टीवर लावायला गेले. बोट तुपकट, घसरलं खाली. खालच्या भिंगावर चांगला ओघळ. मी घाबरून पदरानं पुसलं. लाल काही दिसेना, म्हटलं झालं स्वच्छ.

… तेच तर. तूप पदरानं निघतं का? पसरलं फक्त.

आणि यांना कळणार कसं? ते मान खाली घालून बघतात ते वरच्या भिंगातून. तिथं सगळं लख्ख. फोटो निघतो खालच्या भिंगातून… हो, तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच शिकवलंत यांना.

त्या दिवशी भोसरीला कंपनीत गेलो आम्ही सगळ्या बायका. वर्षातून तेवढा एक दिवस घरच्यांना आत सोडतात. मशिनींना झेंडूच्या माळा, केळीचे खांब, पेढे. यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, ज्याला त्याला त्याच्या मशिनीपाशी, बायकापोरांसकट उभं करून फोटो काढणार. बारा फोटोंचा रोल, बारा कुटुंबं. बायका नवी लुगडी नेसून आलेल्या.

त्यात ते कोंडीराम. लेथवर आहेत, भोसरी गावठाणातले. या महिनाअखेरीला रिटायर होतायत. त्यांची जाईबाई पहिल्यांदाच आत आली होती. इतकी वर्षं डबा भरून दिला, पण ज्या मशिनीसाठी दिला ती कधी बघितलीच नव्हती. तिनं त्या लेथला हात लावला, वन्सं… गोठ्यातल्या गाईला लावतात तसा. आणि हे अगदी तेवढ्यात बटण दाबून मोकळे. मला म्हणाले, हा फोटो साधला. घरी येईपर्यंत तेच बोलत होते.

… आले ना. आठ दिवसांनी स्टुडिओतून आले. बाराच्या बारा असे, धुक्यात उभं राहिल्यासारखे. डोळे नाहीत, नाक नाही. ट्यूबलाइटच्या जागी नुसता पांढरा गोळा. स्टुडिओवाला म्हणाला, रोल चांगला, धुलाई चांगली, तुमचंच फोकस गेलं. हे त्या रात्री जेवले नाहीत.

… कोंडीराम ना? ते म्हणाले, “न्हाई आला तर न्हाई आला, त्यात काय येवढं. आमी हाय की हितंच.” फोटो घडी न घालता खिशात ठेवला. रागावले असते तर यांना सोसलं असतं.

आणि आता पुढचं ऐका. खरी चूक ती आहे… अहो, कुंकू ती नाही. कुंकू श्रद्धेनं लावलं, त्याचं मला काही वाटत नाही. फोटो बघितले त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं काय झालंय ते. हे पाय धुवायला गेले, तेवढ्यात मी कपाटातून कॅमेरा काढला, कापसाला स्पिरिट लावलं आणि खालचं भिंग आरशासारखं केलं. मग हे आले, भिंग उजेडात धरून बघितलं. काय दिसणार? निष्कलंक. यांनी कॅमेरा खाली ठेवला, आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसले.

… भीती वाटली हो. बारा घरांचा हिरमोड माझ्यामुळे झाला, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं दोन दिवसांनी सांगेन. दोनाचे बारा झाले.

त्या बारा दिवसांत काय काय झालं विचारा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. नंबर होता तेवढाच आहे म्हणाला तो. पण यांचा विश्वास बसेना. मग म्हणायला लागले, डोळा नाही तर हात असणार, हात हलतोय. आता कंपनीत एकेक जॉब तीन-तीनदा मोजतात. टूलरूममधला माणूस, वन्सं, केसाच्या जाडीचं काम. त्यानं स्वतःच्या बोटांवरच संशय घेतला तर राहिलं काय? काल टेबलावर अर्ज बघितला मी. टूलरूममधून स्टोअरमध्ये बदली द्या म्हणून. उद्या साहेबांना देणार आहेत.

… हॅलो?… हॅलो, वन्सं?… आहात ना?… 

काय म्हणालात?… कुणाचा हात?… मामंजींचा?… 

नाही. मला कुणीच नाही सांगितलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हतेच ना… हो, भांड्यांवर नावं घालायचे एवढं ठाऊक आहे. आमच्या तांब्यावर त्यांच्याच हातचं नाव आहे… पन्नाशीलाच कापायला लागला?… अक्षरं तिरकी यायला लागली… मग दुकान सोडून घरीच… आणि हे तेव्हा दहा वर्षांचे. शेजारी बसून बघायचे… अगं आई.

म्हणजे हे बारा दिवस त्यांच्या मनात ते चाललं होतं. आणि मी शेजारी बसून गव्हले वळत होते.

… रडत नाहीये. सुभद्राबाई, काही नाही हो, आमच्या नणंदबाई आहेत… नको, पाणी नको.

… नाही वन्सं, तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगितलंत तर ते म्हणतील, बहिणीला बायकोची कीव आली म्हणून रचून सांगतेय. मीच सांगते. आत्ता वर जाते. भाऊजी यायच्या आत… काय सुभद्राबाई?… कोण?

… वन्सं, हे आलेत. दारात उभे आहेत… काही नाही, दूध उतू गेलं म्हणून सांगायला आलेत… धरा हं फोन. ठेवू नका. तुम्ही असलात म्हणजे मला धीर येईल.

अहो, जाऊ दे दूध. ऐका. वन्सं आहेत फोनवर, त्यांच्यासमोरच सांगते. तुमचा हात हलला नव्हता. खंडेनवमीला पूजा करताना माझ्याकडून खालच्या भिंगाला तूप लागलं. फोटो आले तेव्हा मला कळलं, आणि तुम्ही बघायच्या आत मी ते स्पिरिटनं पुसलं. म्हणून तुम्हाला भिंग स्वच्छ दिसलं. तुमचा हात चांगला आहे. डोळाही चांगला आहे. सगळं मी केलंय.

… 

… वन्सं… हो, सांगितलं… माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं, आणि वर गेले… राग नव्हता तोंडावर. काय होतं मला नाही कळलं… जाऊ का मागनं?… थांबू म्हणता?… अर्ज वरच आहे टेबलावर… सुभद्राबाईंच्या हातातला घेवडा हातातच राहिलाय…

… जिन्यावर वाजतंय… येतायत… वन्सं, कॅमेरा घेऊन आलेत. केस नाही, नुसता कॅमेरा… काय हो?… मला विचारतायत, कोंडीरामची शेवटची पाळी कधी… शुक्रवारी, पुढच्या शुक्रवारी. सकाळची पाळी… साहेबांना सांगून जाईबाईला परत आत आणतो म्हणतायत. ऐकलंत का वन्सं?… 

आँ? मला?… आत्ता? केस बघा माझे, तोंड बघा… वन्सं, हे म्हणतात फोन ठेवू नकोस. खिडकीचा उजेड चांगला पडलाय म्हणे. बोलत राहा म्हणतायत, काहीही बोल… अहो, पण स्टँड कुठाय?… नको म्हणतात. घरातल्या एवढ्याशा उजेडात हे कधी स्टँडशिवाय फोटो काढत नाहीत, वन्सं. जराही हललं तरी सगळं फुकट जातं म्हणतात.

… हो, हो, हलत नाही मी… बाहेर हॉर्न वाजतोय, भाऊजी आले बहुतेक. येतील आत. चहा घेऊन रिकाम्या हातानं परत पाठवते, चालेल ना तुम्हाला?… कॅमेरा छातीशी धरलाय यांनी. मान खाली घातली… बघतेय ना, त्यांच्या हाताकडेच बघतेय…

नाही हो वन्सं. जरासुद्धा नाही हलत.

… काढला. काढला फोटो… ठेवते मी आता. मला नीट रडू तरी द्या.