यंदा उपास न्हाई

— न्हाई म्हणलं की न्हाई, मास्तर. तिसऱ्यांदा इचारायलाव तुमी. उद्या राखेचा बुधवार हाय, हे मला ठावं न्हाई का? तीस वर्सं झाली, या गावात उपासकाळाचे चाळीस दिवस बोटावर कोण मोजतं — मीच ना? चर्च झाडायचं सरजाबाईनं, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला गाणं धरायचं सरजाबाईनं, आन्‌ कुणी उपास मोडला, कुणी चोरून खाल्लं, ह्याची खबर ठेवायची ती बी सरजाबाईनंच. यंदा न्हाई. यंदा मी चर्चला येणार न्हाई, उपास बी धरणार न्हाई. दोन टायम भाकरी खाणार, पोटभर. बसा की — उंबऱ्यात असे काय हुबे राहिलाव, फादरनं सांगावा धाडल्यावानी. चहा ठेवलाय. साखर कमीच घालते, तुमच्या मंडळीनं मागं बजावलंय मला.

झावळ्या गोळा करायला आलाव ना, राखेसाठी? माझी ती बघा, येशूच्या फोटोमागं खोचलीय. शिंदीचं पान, गेल्या झावळ्यांच्या रविवारचं. वाळून पार खडखडीत झालंय. पण पिशवीत टाकू नका — समद्यांच्यात मिसळायची न्हाई ती. हितंच जाळायची, माझ्यासमोर. का म्हणून काय इचारता, सांगते की, दम धरा.

हे गाठोडं? माझंच हाय. मी जायलेय. कुठं म्हणजे — माझा भारत आन्‌ सून राणी कराडकडं ऊस तोडायलेत, तिकडं. बघाय न्हाई, कोयता धराय. हसा, खुशाल हसा. बावन्न वय माझं, गुडघा वाजतो, कबूल. पण मालक होते तवा धा हंगाम तोडलाय मी, ह्या हाताची गाठ बघा, अजून गेली न्हाई. राणीला सातवा महिना लागलाय, मास्तर. सातवा. आन्‌ ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायलीय. नवरा-बायको मिळून एक कोयता — बाई बसली की कोयता अर्धा, आन्‌ मुकादमाला अर्धा चालत न्हाई. मग तिच्या जागी कुणीतरी पायजे का न्हाई? मी उभी राहीन. ती बसल, सावलीला.

आता तुमी म्हणाल उपासकाळ सोडून जाती. सोडून कुठं? तुमी शिकलेले हाव, सांगा बरं — क्रुसाच्या वाटेवर पाचव्या ठिकाणी कोण येतो? शिमोन कुरेनेकर. आन्‌ तो कुठनं येत होता? शेतातनं. चौदा ठिकाणं पाठ हायत मला, तुमच्याआधी म्हणते मी. तो बिचारा घरला चालला होता, शिपायांनी धरून त्याच्या खांद्यावर वझं दिलं. त्याला तरी धरून आणलेला. मी माझ्या पायानं जायलेय. फादरला हेच सांगा जावा, शब्दाला शब्द. रागावले तर रागावू द्या.

आन्‌ गावात ज्या बाया म्हणतेत ना, सरजाबाईनं सून हाकलली — ते खोटं हाय. ती आपल्या पायानं गेली. भारत बी तिच्या मागं गेला, ऊसतोडीच्या टोळीत एक कोयता कमीच पडला होता म्हणला. मी फकस्त पातेलं फेकलं. हे बघा, हेच, गाठोड्यात वर ठेवलंय — हितं चेपलंय ना, ते रांजणाला लागून. गेल्या वर्सीचा तिसरा शुक्रवार. चर्चमधनं गात गात आले, तर घरात चुलीवर अंडी. चार अंडी, उकडायलेली. पोरीला दुसरा महिना होता, काही पोटात ठरंना, अंडं खावंसं वाटलं म्हणली. मी म्हणलं, माझ्या घरात, शुक्रवारी? पातेलं उचललं आन्‌ भिरकावलं अंगणात. अंडी कुत्र्यानं नेली. खाली बसून नुसती टरफलं येचली तिनं. टरफलं येचायची काय गरज होती, सांगा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तुमी खाली बघायलाव. म्हणजे तुमाला बी ठावं हाय. मास-मच्छी न्हाई, एवढंच म्हणलंय शुक्रवारी. अंड्याचं मीच वाढवलं, माझ्या मनानं, लोकांनी म्हणावं की बघा, हिचा उपास कसा कडक. आन्‌ गरवार बाईला तर उपासच लागू न्हाई — फादरनं त्याच महिन्यात सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, मास्तर. पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं.

मग तिकडं कोपीत, झोपडीतल्या पाचटावर — गेलं तिच्या पोटातलं. इस दिवसांनी. मोळीनं गेलं का कशानं गेलं, डाक्टरणीला बी सांगता आलं न्हाई. हे मी कुणाला बोलले न्हाई आजवर. तुमाला का बोलले, कोण जाणे. चहा घ्या, साय धरायली.

कबुलीला गेले होते की. फादरनं पाच बार ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणाय सांगितलं. पाच. मी म्हणलं, एवढ्यात भागलं? वर्सभर म्हणलं मी, पाचशे झाले असतील. हलकं वाटलं न्हाई. मग रब्बीच्या पेरणीच्या वक्ताला भारतचा फोन आला, राणीला दिवस गेलेत म्हणून, आन्‌ मला पहिल्यांदा वाटलं — देवानं माझ्या तोंडावर दार लावलेलं न्हाई. लोटलेलं हाय नुसतं. ढकलाय पायजे.

भारत म्हणतो, आई, येऊ नको, ती तुझ्याशी बोलायची न्हाई. न बोलू दे. चाळीस दिवस हायत माझ्यापाशी. शुक्रवार आला की ह्याच चेपलेल्या पातेल्यात अंडी उकडणार, सोलून तिच्या फुड्यात ठेवणार. खाल्ली तर खाल्ली. न्हाई खाल्ली तर फुडच्या शुक्रवारी पुन्हा उकडणार. हाच माझा उपास, लिहून घ्या.

आणा ती झावळी. ह्या पातेल्यातच जाळते, माझ्या पापाची राख समद्यांच्या कपाळी नको — बघा कशी भुरकन पेटली. आता लावा कपाळाला. उद्याची राख उद्याच? बरं. ऱ्हाऊ द्या, माझं बोट हाय की मला. ... मधोमध लागली का? पुसू नका, नाकावर सांडली तर सांडू द्या. माती हाय, मातीतच जायलेय.

ही घ्या चर्चची किल्ली. कडी अडकती, जरा वर उचलून फिरवा. गाणं तुमीच धरा, चढं धरू नका, बायांना जात न्हाई. आन्‌ एक सांगा, तुमी पंधरा वर्सं धर्म शिकवता — कोपीच्या दारात हुबं राहून पहिला शब्द काय बोलायचा असतो?

असू द्या. आधी हातातलं गाठोडं खाली ठेवीन, मग बघू.

तो हारन ऐकायला आला का — काळी-पिवळी आली, चुडाव्याच्या टेसनावरनं पॅसेंजर गाठायचीय मला. दारातली तुमची मोटारसायकल काढा, मास्तर.