मैनेनं पाठ फिरवली

ऐका मंडळी. जरा पुढं सरका, मागून आलेल्या माउल्यांना टेकायला जागा द्या. आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाला काही विचारलं आणि तो क्षणभर गप्प राहिला, तर तो अडाणी की शहाणा?

हे बघा, खांबाजवळच्या काकांनी लगेच सांगून टाकलं, अडाणी. काका, तुम्ही आजच्या आख्यानात आहात. दुसऱ्या नावानं आहात, पण आहात.

वडजाई नावाचं एक गाव. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. या गावात दोन पक्ष. निवडणुकीतले वेगळे, ते तर सगळीकडेच असतात. हे होते गणितातले. एक पाढेवाले आणि दुसरे मणीवाले.

पाढेवाल्यांचे पुढारी आबासाहेब शिंत्रे. त्यांचं म्हणणं एकच, लेकराला झोपेतून उठवलं तरी एकोणतीसचा पाढा आला पाहिजे. आता मला सांगा, झोपलेल्या लेकराला उठवून एकोणतीसचा पाढा विचारावा अशी वेळ कोणावर येते? घराला आग लागली तर येते? चोर शिरला तर येते? आबासाहेबांनी ते कधी सांगितलं नाही.

मणीवाल्यांचे पुढारी कुलथे साहेब, तालुक्याहून शाळा तपासायला येणारे. त्यांना पाठांतर म्हटलं की मळमळायचं. "मूल हातानं शिकतं," साहेब सांगायचे. त्यासाठी सरकारनं रंगीत मण्यांची पेटी दिली होती. सुंदर पेटी हो! पण मणी हरवला तर लेखी खुलासा. म्हणून गावोगाव त्या पेट्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. मूल हातानं शिकतं खरं, पण किल्ली हेडमास्तरांच्या हातात.

या दोघांच्या मधे सापडल्या चौथीच्या वैजयंताबाई. बाईंची एक रीत होती. वर्गाला दोन खिडक्या. बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्या मुलांनी खिडकीकडं तोंड करायचं. बाईंकडं पाठ. कोणी बोलायचं नाही, कोणी हात वर करायचा नाही. ज्याला उत्तर सापडेल त्यानं वळायचं. कोणी लगेच वळायचं, कोणी उशिरा. जो उशिरा वळला त्याला कोणी हसायचं नाही, बाईंची तशी ताकीदच होती.

बाहेरून जाणाऱ्यांना काय दिसायचं? बाई गप्प, पोरं गप्प आणि खिडकीत तीसेक डोळे. गावात बोभाटा झाला, शाळेत शिकवतच नाहीत, पोरांना रस्ता बघायला बसवतात.

याच वर्गात मैना होती. गोरख ढवळ्याची लेक. गोरख मांडव घालायचा. लग्न असो, सप्ताह असो, मांडव त्याचाच. पोरीचं कल्याण व्हावं म्हणून त्यानं ठरवलं, हिला तालुक्याच्या पिवळ्या बसच्या शाळेत घालायचं. बस निघायची अंधारात, परतायची अंधारात. मैनेला जायचं नव्हतं. ती म्हणाली, "दादा, मला इथलं गणित येतंय की."

गोरख म्हणाला, "येतंय का नाही, ते मला कुठं कळतंय बाळा? कळणाऱ्यांना विचारू."

आणि गोरखनं मोठी चूक केली मंडळी. त्यानं खरोखरच कळणाऱ्यांना विचारलं.

देवळापुढं बैठक बसली. समोर सरपंच, आबासाहेब, कुलथे साहेब. भोवती सगळा गाव. मधे मैना. गोरखनं हात जोडले. "साहेब, आबासाहेब, उद्या तालुक्याला नाव घालायचंय. पोरीला गणित येतं का, तेवढं सांगा. येत असलं तर इथंच ठेवतो."

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "सांग पोरी, एकोणतीस आठे?"

आणि मैना वळली. सरपंचाकडं पाठ, आबासाहेबांकडं पाठ, साहेबांकडं पाठ. तोंड देवळाच्या भिंतीकडं. गावात असं कधी घडलं नव्हतं. म्हातारी माणसं उठून उभी राहिली.

"गोरख, काय वळण लावलंय हे?"

"रुसली वाटतं."

"रुसली कसली, येत नाही म्हणून तोंड लपवतीय."

"बाईंनी शिकवलंय ना, रस्ता बघायला."

गोरखची मान खाली गेली. तो हळूच म्हणाला, "मैने, वळ गं."

मैना वळली. पण बापाच्या सांगण्यानं नाही, उत्तर सापडलं म्हणून. म्हणाली, "दोनशे बत्तीस."

सगळे आबासाहेबांकडं बघायला लागले. आबासाहेब मनातल्या मनात एकोणतीस एके एकोणतीसपासून निघाले. त्यांना मधूनच गाडीत बसता येत नव्हतं. आठवर पोचायला वेळ लागला. त्या वेळात कोणी त्यांना अडाणी म्हणालं नाही, हे ध्यानात ठेवा.

"कसं काढलंस?" त्यांनी विचारलं.

"तीस आठे दोनशे चाळीस. एकेकात एक जास्त धरला होता, म्हणून आठ काढून टाकले."

"म्हणजे पाढा येत नाही. हिशेब करून सांगितलंस. नापास."

कुलथे साहेब पुढं झुकले. "आणि मणी? साहित्य कुठं वापरलं?"

"मनातच केलं साहेब."

"मनात केलेलं आम्हाला दिसणार कसं? नापास."

बघा कशी मौज झाली. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघं, त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं. आबासाहेबांनी साहेबांना तपकिरीची डबी पुढं केली. साहेबांनी चिमूट घेतली. सरपंचांनी चहा सांगितला.

वैजयंताबाई मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आबासाहेब, तीन आठे चोवीस तिला पाठ आहे, म्हणून तर ती दोनशे चाळीसवर गेली. आणि साहेब, पहिलीत तिनं मणी मोजलेत, पेटीतले नाही मिळाले म्हणून चिंचोके मोजलेत, म्हणून आठ काढायचे हे तिला कळलं. तुम्ही दोघं तिच्या एका उत्तरात बसलाय."

"बाई, मधे बोलू नका," दोघं एकदम म्हणाले. हे दुसरं एकमत.

गोरखनं विचारलं, "पण साहेब, उत्तर बरोबर की चूक?"

"प्रश्न उत्तराचा नाही," आबासाहेब म्हणाले.

"प्रश्न पद्धतीचा आहे," साहेब म्हणाले.

मग गोरख लेकीपुढं उकिडवा बसला. "बाळा, एवढ्या मोठ्या माणसांकडं पाठ का केलीस?"

मैना म्हणाली, "दादा, समोर बघितलं की सगळ्यांची तोंडं दिसतात. मग आकडे दिसत नाहीत."

गोरख उठला. लोक म्हणाले, आता मुस्कटात देतो. गोरखनं काय केलं? तो भिंतीकडं वळला. पंचांकडं पाठ करून उभा राहिला.

"अरे गोरख, बोल की."

"चहा निवतोय गोरख."

"याचंही डोकं फिरलं."

गोरख बोलेना. किती वेळ उभा होता देव जाणे. मग वळला आणि म्हणाला, "पोरगी इथंच शिकेल." लेकीचा हात धरला आणि घरी निघाला.

मंडळी, हसलात, बरं वाटलं. आता घरी जाल. पोरगं जेवायला बसलेलं असेल. तुम्ही विचाराल, "सात नव्वे किती रे?" आणि घास तोंडात असतानाच म्हणाल, "येत नाही ना? मला माहीत होतं." शाळेत मणी असावेत का पाढे, यावर तुम्ही चावडीवर भांडता, पेपरात पत्रं लिहिता. भांडा. दोन्ही लागतात. पण लेकराला लागणारा तिसरा जिन्नस तुमच्याच घरात आहे आणि तो तुम्ही देत नाही. गप्प बसणं.

म्हणून आज माझा प्रश्न तुम्हाला. तुमचं लेकरू विचार करत असताना तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलंत? उत्तर देऊ नका. भिंतीकडं वळा सगळे. काका, तुम्हीसुद्धा. देवाकडं पाठ होईल म्हणून भिऊ नका, त्याला थांबायची सवय आहे.