ताट संपेपर्यंत

विम्याच्या तपासणीसाठी म्हातारा शिंपी दवाखान्यात बाकावर बसला होता. शेजारी दोघीजणींच्या गप्पा रंगल्या होत्या.

“पहिला नवरा पोटदुखीनं गेला. दुसराही तसाच!”

“आणि विमा हिच्याच नावावर?”

“तर! जेवणातून विष घालायची. पोलीस येईस्तोवर बाई पसार.”

“नवऱ्यांना संशय नाही आला?”

“कसा येणार? जेवताना समोर बसायची, ताट संपेपर्यंत उठायची नाही.”

“तिच्या भुवईवर तीळ आहे का हो?” शिंप्यानं मध्येच विचारलं.

“आहे की! तुम्हाला कसं ठाऊक, काका?”

“माझ्याही समोर बसते ती.”

“अगंबाई! मग इथं काय करताय? आधी पोलिसांकडे जा!”

आतून हाक आली, तसा तो उठला.

“पोरी, इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवलो गं,” म्हणाला, आणि तपासणीला आत गेला.