दोन्ही बाजूंचा बाण

समारंभाचे अध्यक्ष महोदय, मंचावर विराजमान मुख्य कचेरीचे पाहुणे, आज सेवानिवृत्त होणारे आमचे विभागीय साहेब, आणि जेवणाच्या दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या फ्रँचायझीधारक बंधू-भगिनींनो,

साहेबांबद्दल चार गोड शब्द बोला, असं मला सांगितलंय. प्रयत्न करतो.

नऊ वर्षांपूर्वी मी या कंपनीची पाट्या बनवायची फ्रँचायझी घेतली. साहेबांनी विचारलं, "पाट्यांतलं काय कळतं तुम्हाला?" म्हटलं, "काही नाही." साहेब खूश! "उत्तम. ज्याला कळतं, तो नियमपुस्तिका वाचत नाही." काय ही दूरदृष्टी! तीनशे बारा पानं. ग्राहक आल्यावर कितव्या पावलाला हसायचं, तेही छापलेलं. मी ती शहाण्यासारखी पाठ केली आणि अक्कल गुंडाळून ठेवली.

दुकानात माझे सख्खे मामा होते. चाळीस वर्षं हाताने पाट्या रंगवलेला माणूस. पुस्तिकेत ब्रशला बंदी, म्हणून त्यांना मी कात्री देऊन स्टिकर कापायला बसवलं. ते बसले. भाच्याचा धंदा ना!

मग इस्पितळाचं काम आलं. खांबाला आडवी टांगायची, दोन्हीकडून दिसणारी पाटी. 'तातडीचा विभाग' आणि बाण. मुख्य कचेरीतून डिझाइन मंजूर होऊन आलं. मामा म्हणाले, "अरे, दोन्ही बाजूंना डावाच बाण? पलीकडून येणाऱ्याला इस्पितळाची गल्ली उजवीकडे लागते. मागचा बाण फिरव." आता हे कळायला तीनशे बारा पानं लागतात का? साहेब तपासणीला आलेले, समोरच होते. म्हणाले, "मंजूर डिझाइनला हात लावायचा नाही." आणि मी, साहेबांपुढे, दोन गिऱ्हाइकांपुढे मामांवर ओरडलो, "तुम्हाला कोणी विचारलं? कापा गुपचूप!"

मामांनी कात्री टेबलावर ठेवली, चष्मा खिशात घातला आणि घरी गेले.

पाटी लागली. चौथ्या दिवशी छातीत कळ आलेल्या एका बाईंना घेऊन त्यांचा मुलगा पलीकडून आला आणि बाण बघून सिमेंटच्या गोदामात शिरला. बाई वाचल्या, पण ते आमच्यामुळे नव्हे. मामांच्या कानावर गेलं. ते शिडी घेऊन गेले, मागचा बाण खरवडला आणि ब्रशने उजवीकडे काढला. त्यावर साहेबांनी काय केलं असेल? मला नोटीस पाठवली. कंपनीच्या पाटीवर हाताचं काम! बाईंची चौकशी करायला मात्र पुस्तिकेत पान नव्हतं.

साहेब, हसू नका. तुमचा अपमान करायला मी उभा नाही. तुम्ही निदान पगार घेऊन आंधळे झालात, मी स्वतःचे पैसे भरून झालो.

करार या महिन्यात संपतोय, पुन्हा करणार नाही. मामांना म्हटलं, परत या, दुकान तुमच्या हाताने चालवू. ते म्हणाले, "ओरडलास चारचौघांत. माफी स्वयंपाकघरात मागतोस होय रे?"

म्हणून त्यांना इथे घेऊन आलोय. शेवटच्या रांगेत, दाराशी बसलेत.

अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. साहेबांना लागलं असेल तर लागू दे.

मामा, माझं चुकलं. तुम्हाला कळत होतं, मला नव्हतं. माफ करा मला.